नागपूरचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि बुजलेले तलाव

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घरांत ठाऊक आहे. इंदूर असो, हैदराबाद असो की बेळगाव असो, त्या कॉलेजात शिकलेला एखादा नातलग किंवा ओळखीचा माणूस सापडतोच. परंतु ज्यांचे नाव कॉलेजाला दिले ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप कोण होते असे विचारले, तर ते स्कॉच मिशनरी होते यापलीकडे पुष्कळांना सांगता येत नाही. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक मात्र त्यांना निराळ्या कारणासाठी ओळखतात. आज जेथे काळा दगड आणि काळी जमीन दिसते, तेथे फार प्राचीन काळी गोड्या पाण्याचे तलाव होते. त्यांत गोगलगाई वाढत होत्या, मासे पोहत होते, काठावर झाडे उभी होती. मध्य हिंदुस्थानातील त्या तलावांचा गाळ वर्षानुवर्षे चिकाटीने तपासणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत हिस्लॉपसाहेबांची गणना होते.

एकाच माणसाने देवाचे वचनही शिकवावे आणि दगडही फोडावेत, हे काहींना विचित्र वाटते. दगडांचे वय मोजू लागल्यास विश्वासाला धक्का बसेल, अशी भीती आजही अनेक भाविकांच्या मनात असते. शब्बाथशाळेतील मुले तर शिक्षकांना सरळ विचारतात की पृथ्वी किती जुनी आहे. अशा शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही हे चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

स्कॉटलंडहून नागपुरास

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. सरकारने आणि जमीनदारांनी पाळकांच्या नेमणुकीत हात घालू नये, या तत्त्वासाठी साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, पगार व चर्चच्या इमारती सोडून फ्री चर्च स्थापन केली. तरुण हिस्लॉप त्या फ्री चर्चचे झाले.

त्या सुमारास कॅप्टन हिल नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने नागपूरकडे मिशन सुरू व्हावे म्हणून मोठी देणगी देऊ केली होती. या प्रदेशातील काम सोपे नव्हते. अमरकंटकाजवळ करंजिया येथे गोंड लोकांत काम करण्यासाठी आलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी बहुतेकांना थोड्याच काळात पटकीने नेले होते. हे माहीत असूनही हिस्लॉप यांनी पाचारण स्वीकारले. १८४४ मध्ये ते पत्नीसह निघाले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, ते १८५४ मध्ये खालसा झाले. कामठीस इंग्रजांची छावणी होती. हिस्लॉप मराठी शिकले. त्यांनी नागपुरात शाळा उघडली आणि ते बाजारात व खेड्यांत जाऊन उपदेश करू लागले. १८४७ मध्ये रेव्ह. रॉबर्ट हंटर त्यांच्या मदतीस आले.

या कामाचे फळ आकड्यांत मोजू गेल्यास थोडे होते. बाप्तिस्मा घेणारे विरळा, विरोध मात्र पुष्कळ. शाळेचे काम रोजचे आणि संथ होते, तेच धडे आणि तीच हजेरी. पण हिस्लॉप यांचा स्वभावच असा होता की लहान गोष्ट ते तुच्छ मानीत नसत. हाच स्वभाव त्यांना दगडांच्या अभ्यासातही उपयोगी पडला.

टाकळीचा थर

१८५१ मध्ये हिस्लॉप आणि हंटर हे दोघे नागपूरजवळ फिरावयास गेले असता त्यांना टाकळीजवळच्या खडकात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख दिसले. शंख दगडाचे झालेले होते. ज्या थरात ते होते त्याच्या खाली काळा अग्निजन्य खडक होता आणि वरही तसाच खडक होता. म्हणजे तापलेल्या लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये तलावातला गाळ दबलेला होता. तव्यावरच्या दोन भाकरींत ओली भाजी सापडावी, तसाच हा प्रकार होता.

असे शंख दख्खनच्या खडकात सापडतात हे त्याआधी अगदीच अज्ञात होते असे नाही. डॉ. व्हॉयसी यांना गाविलगडच्या डोंगरात आणि डॉ. माल्कमसन यांना निर्मळकडच्या सिचेल डोंगरात ते आढळले होते. परंतु एकाच ठिकाणी वारंवार जाऊन जे काही निघेल ते सर्व गोळा करावे, लहानात लहान तुकडा फेकू नये, हे काम हिस्लॉप आणि हंटर यांनी केले. सकाळी शाळा, संध्याकाळी उपदेश आणि मधल्या वेळात हातोडा, असा त्यांचा क्रम पडला.

काय काय निघाले ते पाहा. फायसा प्रिन्सेपाय नावाची मोठी गोगलगाय निघाली. तिच्या शंखाची वेटोळी बहुतेक गोगलगाईंच्या उलट, डावीकडे वळलेली असतात. तिच्याबरोबर इतर अनेक जातींचे शंख, माशांचे खवले, फळे आणि बिया, लाकडाचे तुकडे निघाले. मोहरीहून बारीक अशा, दोन शिंपांच्या पेटीत राहणाऱ्या सायप्रिस जातीच्या प्राण्यांची कवचे निघाली. भुंगेऱ्यांचे कठीण पंखदेखील दगडात टिकून राहिले होते. या वस्तू विलायतेतील तज्ज्ञांकडे गेल्या. भुंगेऱ्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी आणि सायप्रिसांचे रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले. शंखांचे वर्णन त्याच वर्षी स्वतः हिस्लॉप यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात केले. त्याआधी १८५५ मध्ये हिस्लॉप व हंटर या दोघांच्या नावाने नागपूर परिसराच्या भूगर्भाविषयीचा मोठा लेख तेथेच छापला गेला होता. डब्लिनच्या सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये या भागातील दोन खनिजांना हिस्लॉपाइट आणि हंटराइट अशी नावे दिली.

जिवंत पाण्याकडेही त्यांचे लक्ष असे. नागपूरच्या गोड्या पाण्यात शिंपल्यांवर पापुद्र्यासारखा पसरून वाढणारा एक सूक्ष्म प्राणी त्यांनी पाहिला. मुंबईचे डॉ. कार्टर यांनी १८५८ मध्ये त्याला हिस्लोपिया लॅकस्ट्रिस, म्हणजे तलावात राहणारी हिस्लोपिया, असे नाव दिले. मेलेल्या तलावाचा अर्थ लावायचा तर जिवंत तळे पाहावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

तलाव कसे झाले, कसे बुजले

दोन लाव्हांच्या मध्ये तलाव आला कोठून, हा प्रश्न वाचकांना पडेल. आज शास्त्रज्ञांना जे कळले आहे ते सोपे करून सांगतो.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनची जमीन जागोजागी फाटून तप्त लाव्हारस वाहिला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. पण हा रस अखंड वाहत नव्हता. एक लोंढा आला की तो निवून दगड होई. मग पुढचा लोंढा येईपर्यंत कधी शेकडो, कधी हजारो वर्षे शांततेची जात. या शांततेच्या काळात पाऊस पडे, दगड झिजून माती होई, झाडे वाढत. लाव्हाने जुने ओढे-नाले अडवलेले असत आणि त्याच्या पृष्ठभागावर सखल जागा राहिलेल्या असत. तेथे पाणी साचून तळी बनत. ओढ्यांबरोबर गाळ येई. जाड रेती काठाशी बसे, बारीक चिकणमाती आतवर जाऊन संथपणे तळाशी बसे. कारा नावाच्या पाणवनस्पतीवर चुन्याचे कण धरत. ती मरून तळाशी गेली की चुनखडीची भर पडे. गोगलगाई मरत, त्यांचे शंख त्या गाळात रुतत. उन्हाळ्यात पाणी आटे, पावसाळ्यात पुन्हा भरे. आपल्या गावतळ्यांत जे घडते तेच तेथे घडत होते.

मग पुढचा लोंढा येई आणि तळे कायमचे बुजून जाई. गाळाचा वरचा भाग भाजून निघे. सिलिका विरघळलेले पाणी गाळात मुरून त्याचा गारेसारखा कठीण दगड बनवी, आणि त्या दगडात बीजाची साल किंवा पानाची शीर जशीच्या तशी राही. असे थर कोठे काही इंच तर कोठे काही फूट जाडीचे आहेत. काळ्या कातळाच्या शेकडो फूट उंचीपुढे ते जणू नगण्य. परंतु त्या काळच्या प्राण्यांची व झाडांची साक्ष त्या पातळ पट्टीतच मिळते, कातळात ती मिळत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिस्लॉप आणि हंटर यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. त्यांना वाटले की हा एकच अफाट तलाव होता, वरचा लाव्हा त्यावर पसरला आणि खालचा खडक नंतर भूगर्भातून गाळाच्या खाली घुसला. पुढे ब्लॅनफर्ड आणि इतर भूगर्भशास्त्रज्ञांनी दाखवले की खालचा लाव्हा आधीचा, गाळ नंतरचा आणि वरचा लाव्हा त्यानंतरचा आहे. तलावही एक नसून लहान लहान अनेक होते आणि ते वेगवेगळ्या वेळी झाले. हिस्लॉप यांनी हे थर इओसीन काळाचे मानले. आज नागपूरकडचे थर त्याआधीच्या क्रिटेशस काळाच्या अखेरचे समजले जातात. परंतु हिस्लॉप यांनी काय दिसले आणि त्यावरून काय वाटले, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या नाहीत. थर कोठे आहे, वर काय, खाली काय, कोणता शंख कोठून काढला, हे त्यांनी नीट लिहून ठेवले. म्हणूनच पुढच्यांना त्यांचा अर्थ दुरुस्त करता आला. साक्ष खरी असली म्हणजे साक्षीदाराचा तर्क चुकला तरी सत्याचे नुकसान होत नाही.

त्याहून जुने तलाव

टाकळीच्या थरांवरच हिस्लॉप थांबले नाहीत. कामठी, सिलेवाडा या गावांजवळच्या वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराची पाने मिळाली. या झाडाला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. तशीच पाने बंगालच्या कोळशाच्या खाणींत आणि थेट ऑस्ट्रेलियातही सापडत. नागपूरच्या पानांचे वर्णन बनबरी यांनी १८६१ मध्ये केले आणि एका वनस्पतीला हिस्लॉप यांचे नाव दिले. इतक्या दूरच्या देशांत एकच झाड कसे, याचे उत्तर त्या काळी नव्हते. हे सर्व भूभाग एके काळी एकत्र होते, हे पुढे कळून आले. त्या जोडलेल्या भूमीला आज गोंडवन म्हणतात. ज्या गोंड लोकांत हिस्लॉप फिरले, त्यांच्याच देशावरून हे नाव जगभर गेले.

हे गोंडवनी थर लाव्हातील तळ्यांसारखे नव्हेत. प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात जमीन दोन लांब भेगांमध्ये कोट्यवधी वर्षे हळूहळू खचत गेली. जितकी ती खचे तितका नद्यांचा गाळ तीत भरे. खचणे आणि भरणे बरोबर चालले, म्हणून तेथे गाळाचे थर हजारो फूट जाड झाले. बराच भाग नद्यांच्या रेतीचा आहे, पण मधूनमधून तलावांचा गाळही आहे. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथे तांबड्या दगडात हिस्लॉप व हंटर यांना रुंद कवटीच्या एका उभयचर प्राण्याचे डोके मिळाले. १८५५ मध्ये प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या वर्णनाने ते ब्रॅकिऑप्स या नावाने जगापुढे आले. त्याच दगडात एस्थेरिया नावाच्या, शिंपल्यात राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांची कवचे होती. त्यांची जात पावसाळी डबक्यांत व उथळ तळ्यांत वाढते.

आजच्या तेलंगणातील मालेरी येथून सेराटोडस नावाच्या माशाचे दात मिळाले. १८५९ मध्ये ओल्डहॅम यांनी त्या जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले. तेव्हा सर्वांना वाटत होते की हा मासा कधीच नाहीसा झाला. पण १८७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात त्याचा जिवंत आप्त सापडला. त्या माशाला कल्ल्यांखेरीज फुप्फुसही असते, त्यामुळे पाणी साचून कुजले तरी तो वर येऊन श्वास घेतो. मालेरीच्या पाण्याची स्थिती कशी असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो.

हैदराबादच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या शहराच्या पश्चिमेस नासकल येथे लाव्हाच्या दोन थरांमधील तलावी गाळातून एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. हिंदुस्थानात क्रिटेशस काळातील सस्तन प्राण्याचा पुरावा मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रसाद आणि सहानी या संशोधकांनी १९८८ मध्ये त्याचे नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी असे ठेवले. टाकळीस सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी मोहरीएवढी कवचे वेचली होती, त्यांचे नाव डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या दाताला मिळाले, हे आम्हांस फार योग्य वाटते.

वचन आणि दगड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सर्व शोधांनी हिस्लॉप यांचा विश्वास डळमळला काय? त्यांच्या आयुष्यात तसे काही दिसत नाही. शंख सापडल्यानंतर बारा वर्षे ते तोच उपदेश करीत राहिले आणि तीच शाळा चालवीत राहिले. ज्या फ्री चर्चमधून ते आले, तिचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स यांनी १८१४ मध्येच मांडले होते की पवित्र शास्त्र पृथ्वीगोलाचे वय ठरवून देत नाही. त्याच मंडळीतील ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. त्यांनी स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्मातील मासे जगाला दाखवले. ते माशांचे खडक पुष्कळ ठिकाणी तलावांचेच गाळ आहेत, हे आज मान्य झाले आहे. अशा मंडळीत वाढलेल्या माणसाला दगडाची भीती वाटण्याचे कारण नव्हते. निर्मात्याने जे केले ते पाहण्यास त्याच्या सेवकाने का भ्यावे?

पण त्यांनी दुसरी चूकही केली नाही. दगडांच्या नादात ते माणसांना विसरले नाहीत. १८५५ मध्ये हंटर प्रकृतीमुळे स्वदेशी परतले, तेव्हा कामाचा भार हिस्लॉप यांच्यावर आला. तरीही त्यांनी गोंड व इतर आदिवासींच्या भाषा, चाली आणि गीते यांची टिपणे केली. खेड्यातल्या गोंडाचे म्हणणे त्यांनी तितक्याच काळजीने ऐकून घेतले, जितक्या काळजीने टाकळीचा दगड पाहिला.

शेवटचा प्रवास

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल हे त्याचे प्रमुख झाले. हिस्लॉप यांच्या माहितीचा त्यांना मोठा आधार वाटे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यासाठी दोघे गेले. ही वर्तुळे म्हणजे फार जुन्या लोकांची दफनस्थाने होत. पावसाळा जोरात होता. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी हिस्लॉप एकटेच घोड्यावरून परतत असता बोरीजवळचा ओढा पुराने भरून वाहत होता. तो ओलांडताना ते बुडाले. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीसावे वर्ष पुरे होणार होते.

नागपुरास ही बातमी पोहोचली तेव्हा शाळेतल्या मुलांचा गुरू गेला आणि लहानशा मंडळीचा पाळक गेला. अनेक टिपणे अर्धवट राहिली. आदिवासींविषयीची टिपणे टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये कॉलेज उघडले, त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले.

आम्ही काय घ्यावे

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची सूचना आहे. मूल पृथ्वीच्या वयाविषयी विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका आणि घाबरूही नका. त्याला हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगा. शक्य असेल तर त्याला जवळच्या तळ्यावर न्या आणि काठाची रेती व मधला चिखल कसा वेगळा बसतो ते दाखवा. उन्हाळ्यात तडकलेल्या गाळात रुतलेला शंख त्याच्या हातावर ठेवा. देवाचे सामर्थ्य अग्नीच्या लोंढ्यात दिसते, तसेच कण कण बसणाऱ्या गाळातही दिसते, हे त्याला उपदेशावाचून कळेल.

आणि जे सेवक लहान मंडळीत, थोड्या फळावर, वर्षानुवर्षे तेच काम करीत आहेत, त्यांनी या चरित्रावरून धीर धरावा. तलावाचा गाळ एका दिवसात बसत नाही. एका पावसाळ्याचा थर हाताच्या बोटाएवढाही नसतो, आणि तो बसताना कोणाच्या लक्षातही येत नाही. हिस्लॉप यांना नागपुरात अठरा वर्षेच मिळाली, त्यांतली पुष्कळशी हजेरी घेण्यात आणि धडे देण्यात गेली. त्या अठरा वर्षांचा थर मात्र आजही तेथे आहे, आणि त्यातून अजून काही ना काही निघतच आहे.